लघवीची आग आणि औषधाला दाद न देणारे जंतू

चैत्र सरला आणि नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या दिशेने चढू लागला म्हणजे घरोघर एक तक्रार ऐकू येते. "उन्हाळी लागली." लघवीला आग होते, थेंबथेंब होते, आताच जाऊन आलो तरी पुन्हा जावेसे वाटते. मग घरातली म्हातारी धन्या-जिऱ्याचे पाणी देते, कोणी सब्जा भिजत घालते, कोणी काकडी खा म्हणून सांगते. पुष्कळांची तक्रार दोन दिवसांत खरोखरच जाते. यात जादू काही नाही. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाचे पाणी घामावाटे निघून जाते, लघवी थोडी आणि घट्ट होते, ती झोंबते. पोटात भरपूर पाणी गेले की ती पातळ होते आणि आग थांबते. या उन्हाळीशी जंतूंचा काही संबंध नसतो, आणि तिच्यासाठी कॅप्सूल घेण्याचेही काही कारण नसते.

पण दुसरी एक उन्हाळी आहे, आणि आज बोलायचे आहे ते तिच्याविषयी. भरपूर पाणी प्यायले तरी ती हटत नाही. लघवी गढूळ होते, तिला वास मारतो, कधी रक्ताची झाक दिसते, ओटीपोटात दुखते. आणि हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला ठणका लागला, उलट्या होऊ लागल्या, तर समजावे की दुखणे मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत चढले आहे. मग धन्याच्या पाण्यावर दिवस काढण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठला पाहिजे.

हे दुखणे जंतूंचे आहे. त्यांतला मुख्य जंतू कुठून बाहेरून आलेला नसतो, तो आपल्याच आतड्यात नांदत असतो. थिओडोर एशेरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली लहान मुलांच्या मलात तो पाहिला, म्हणून त्याला एशेरिशिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, म्हणतात. आतड्यात असतो तोवर त्याचा बहुधा उपद्रव नाही. पण मूत्रमार्गाच्या तोंडाशी तो पोहोचला आणि वर चढला म्हणजे त्याचे रूप पालटते. त्याच्या अंगावर अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांच्या जोरावर तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो. लघवीच्या प्रवाहाने जंतू धुऊन निघावेत ही निसर्गाची योजना, आणि चिकटून राहावे ही जंतूची. जो मनुष्य तासन्‌तास लघवी अडवून धरतो, तो या झगड्यात जंतूची बाजू घेतो असेच म्हणावे लागेल.

आणि लघवी अडवून कोण धरते? बायाच. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटीमीटर लांब, तर स्त्रीचा जेमतेम ४ सेंटीमीटर. जंतूला चालावे लागणारे अंतर इतके थोडे असल्यामुळे हे दुखणे स्त्रियांत कितीतरी अधिक. निम्म्याच्या आसपास स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी ते होते. त्यात आपली रीत अशी की कापूस वेचणीला गेलेली बाई सकाळी घरून निघते ती संध्याकाळीच मोकळी होते. वावरात आडोसा नाही. मग ती काय करते, तर पाणीच पीत नाही. शाळेतल्या मुलींचेही तेच. गुरुजींना आणि बाईंना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. शाळेत मुलींची मुतारी आहे की नाही, हा प्रश्न अर्धाच झाला. तिला आतून कडी आहे काय, तेथे पाणी आहे काय, आणि तास चालू असताना मुलीने हात वर केला तर तिला जाऊ देतात काय, हे तीन प्रश्न उरतातच. दिवसभर पाण्याचा घोट न घेणारी मुलगी वर्गात असेल तर तिचे कारण बहुधा या तीन प्रश्नांत सापडेल.

दुखणे झाले तरी बाई सांगत नाही, ही त्याहून अवघड गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना खालच्या अंगाचा एक ना एक विकार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. आपल्या विषयाहून ही पाहणी व्यापक होती, परंतु तिने दाखवून दिले ते येथेही लागू पडते. जे दुखणे बोलायची लाज वाटते, त्याचा इलाज चोरून केला जातो.

चोरून इलाज म्हणजे काय? नागपुरात 'मेडिकल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय. दुसरा अर्थ कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान. बाई पहिल्या मेडिकलात जात नाही. ती मुलाला दुसऱ्या मेडिकलात पाठवते, "आईला लघवीची जळजळ आहे, गोळी द्या" म्हणून. दुकानदार चार गोळ्या कापून देतो. दोन गोळ्यांत आग कमी होते, उरलेल्या दोन फळीवर राहतात, त्या पुढे धाकट्याच्या सर्दीला उपयोगी पडतात. सर्दी विषाणूची. अँटिबायोटिक, म्हणजे आपण ज्याला प्रतिजैविक म्हणतो ते औषध, विषाणूला काहीच करीत नाही. परंतु ते पोटात गेलेले असते. त्याने पोटातल्या जंतूंचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

लोक म्हणतात, "त्या औषधाची सवय झाली, आता ते लागू पडत नाही." हा शब्द जरा फसवा आहे. सवय माणसाला होत नाही, आणि खरे पाहिले तर एकट्या जंतूलाही होत नाही. मग होते काय?

विदर्भातल्या शेतकऱ्याला हे कोणी नव्याने शिकवायला नको. बोंडअळीने ते त्याला शिकवले आहे. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन विषारी प्रथिने असलेले वाण आले. अळीने बोंड खाल्ले की ती मरे. पण लाखो अळ्यांत एखादी अशी असते की जन्मतःच तिच्यावर ते विष चालत नाही. बाकीच्या मेल्या, ही राहिली. हिचीच संतती वाढली, आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळपासून नागपूरपर्यंत गुलाबी अळीने बोंडे पोखरून काढली. एकाही अळीला सवय झालेली नव्हती. मरणाऱ्या मेल्या आणि न मरणाऱ्या उरल्या, एवढेच. म्हणूनच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या, बिगर-बीटी सरकीची पुडी देत असत. ती धुऱ्याच्या कडेने लावायची, म्हणजे साध्या अळ्याही जगतील आणि चिवट अळ्यांचे वाण शुद्ध होणार नाही. पुष्कळांनी ती पुडी लावलीच नाही. का लावावी, हे नीट समजावून सांगणारे तरी किती भेटले होते?

पोटातल्या जंतूंचे असेच आहे, फक्त वेग निराळा. बोंडअळीची पिढी महिन्याभराची, ई. कोलायला अनुकूल परिस्थिती मिळाली तर २० मिनिटांत एकाचे दोन होतात. या हिशेबाने एका जंतूचे दहा तासांत शंभर कोटींहून अधिक होतील. एवढ्या गर्दीत एखाद्याच्या जनुकात चूकभूल होणारच, आणि तीच त्याला कवच ठरते. कोणी औषधाचा रेणू तोडणारे विकर तयार करतो, कोणी औषध आत शिरले की पंपाने पाणी उपसावे तसे ते बाहेर टाकतो, कोणी औषधाला धरायला लागणारी जागाच बदलून टाकतो. सर्दीसाठी घेतलेल्या त्या दोन गोळ्यांनी सर्दीला काही केले नाही, पण आतड्यातले साधे, गरीब जंतू मारून टाकले. साध्या जंतूंची दाटी होती तोवर चिवटांना जागा मिळत नव्हती. आता रान मोकळे झाले. असे चिवट जंतू पोटात कित्येक महिने मुक्काम करू शकतात. पुढे कधीतरी लघवीचे दुखणे झाले, तर वर चढणारे जंतू तेच असण्याचा संभव वाढतो. मग डॉक्टरांनी नेहमीची गोळी दिली तरी गुण येत नाही, आणि आपण म्हणतो डॉक्टर बरोबर नाही.

येथवर अळी आणि जंतू यांची गोष्ट सारखी झाली. पुढे मात्र जंतू अळीला मागे टाकतो. अळी आपला गुण फक्त पिल्लांना देते. जंतू तो शेजाऱ्यालाही देतो, आणि शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी देतो. त्याच्या पेशीत मुख्य जनुकसूत्राखेरीज छोटी छोटी कडी असतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात. दोन जंतू एकमेकांना चिकटतात आणि एक त्या कड्याची नक्कल दुसऱ्याच्या हवाली करतो. एखाद्याने शेजाऱ्याला कुलुपाची दुसरी किल्ली करून द्यावी, तसे. हे प्रथम जपानात ध्यानात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे रक्ती हगवणीचे असे जंतू आढळू लागले, की ज्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही चारही औषधे एकदम निकामी ठरत. चार निरनिराळ्या चुकीभुली एकाच जंतूत एकदम कशा होतील? १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा गुण ई. कोलायकडून हगवणीच्या जंतूकडे आणि उलटही, नुसत्या संपर्काने जाऊ शकतो. चारही किल्ल्या एकाच कड्यात अडकवलेल्या होत्या.

औषधाला पुरून उरणारे जंतू निघतील, हे सांगणारा मनुष्य दुसरा तिसरा कोणी नसून पेनिसिलिनचा शोध लावणारा अलेक्झांडर फ्लेमिंग होता. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात त्याने एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन आणतो, जंतू मरतील इतके घेत नाही, त्यांना शिकवून तयार मात्र करतो. मग तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, आणि ती दगावते. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली निघाला, आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. म्हणजे औषध येण्याच्या आधी इशारा येऊन पोहोचलेला होता!

ई. कोलायवर चालणारे अँपिसिलिन १९६१ साली आले. ते कित्येक वर्षे लघवीच्या दुखण्यावर हमखास गुणकारी होते. आज आपल्या देशातल्या बहुतेक ई. कोलायवर ते चालत नाही. पुढे १९८० नंतरच्या दशकात सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. त्याचीही गत फारशी वेगळी झाली नाही. जंतू एक पायरी चढला की आपण दोन पायऱ्या वरचे, अधिक महागाचे औषध काढतो. शेवटच्या फळीत कार्बापेनेम नावाची औषधे आहेत, ती शिरेतून द्यावी लागतात, म्हणजे रुग्णालयात दाखल होणे आले. २००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत असा जंतू सापडला, की त्याने या कार्बापेनेमलाही दाद दिली नाही. तो रुग्ण नुकताच नवी दिल्लीच्या रुग्णालयात राहून गेलेला होता, म्हणून त्या विकराच्या नावात शास्त्रज्ञांनी नवी दिल्लीचे नाव घातले. त्यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. नावाचा राग येणे साहजिक आहे. पण वादाच्या धुरळ्यात महत्त्वाची गोष्ट मागे पडली: लघवीतला तो जंतू क्लेबसिएला जातीचा होता, आणि त्याच रुग्णाच्या मलातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक मिळाले. किल्ली एका जातीकडून दुसरीकडे गेलेली होती.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१३ पासून देशातल्या रुग्णालयांचे जाळे उभारून याची नोंद ठेवायला आरंभ केला. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, जी १९६९ साली सुरू झाली, तीही या जाळ्यात आहे. परिषदेच्या अहवालांप्रमाणे इमिपेनेम या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१६ मध्ये १४ टक्के होते, ते २०२१ मध्ये ३६ टक्के झाले. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतले, म्हणजे अधिक आजारी आणि आधीच औषधे खाऊन आलेल्या रोग्यांचे आहेत. गावातल्या साध्या उन्हाळीचे चित्र इतके काळे नसते. म्हणून आकडे ऐकून घाबरून जाऊ नये. पण पाच वर्षांत चढ किती झाला तो पाहावा.

कोणी म्हणेल, मग ही औषधे वाईटच. तसे मुळीच नाही, आणि याचा दाखलाही गडचिरोलीचाच आहे. 'सर्च' या संस्थेने गावातल्या आरोग्यदूत बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्याला जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमॉक्सॅझोल द्यायला शिकवले. घरच्या घरी केलेल्या या देखभालीने, इतर गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. थोडे शिकलेल्या बाईच्या हातात योग्य वेळी, योग्य मापाने दिलेले साधे, स्वस्त औषध काय करू शकते, ते यात दिसते. असली स्वस्त औषधे निकामी झाली तर सर्वांत आधी नुकसान होईल ते अशा झोपडीतल्या बाळाचे. ज्याच्या खिशात पैसा आहे तो नागपूर-मुंबई गाठेल.

आता गोळ्या किती दिवस घ्यायच्या, याविषयी दोन शब्द. पूर्वी सांगत की जास्त दिवस घेतलेले बरे. आता तसे मानीत नाहीत. मूत्राशयापुरतेच असलेल्या साध्या दुखण्याला काही औषधे पाचच दिवस देतात, एक औषध तर एका पुडीतच पुरे होते. मूत्रपिंडापर्यंत गेलेल्याला अधिक दिवस लागतात. तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले तर पाच. बरे वाटले म्हणून तीन नाही, आणि राहिले असेल म्हणून आठही नाही. यात एक गंमत आहे. नायट्रोफ्युरँटॉइन हे १९५० नंतरच्या दशकातले औषध मध्यंतरी जवळजवळ अडगळीत पडले होते. ते रक्तात फार वेळ टिकत नाही, लघवीत मात्र साठते, आणि जंतूच्या एका नव्हे तर अनेक कामांत एकदम खोडा घालते. बहुधा त्यामुळेच ई. कोलायला त्याच्याविरुद्ध कवच सहज सापडले नाही, आणि आज डॉक्टर पुन्हा तेच लिहून देऊ लागले आहेत. हे ऐकून कोणी दुकानात जाऊन ते मागू नये, बरं का! मूत्रपिंड अशक्त असलेल्याला आणि बाळंतपणाचे दिवस भरत आलेल्या बाईला ते चालत नाही.

गर्भार बाईची गोष्ट तर वेगळी सांगितली पाहिजे. तिच्या लघवीत जंतू असून तिला काहीच त्रास होत नाही असे घडते, आणि उपचार झाला नाही तर अशा बायांपैकी शेकडा २० ते ३० जणींत दुखणे मूत्रपिंडापर्यंत जाते. मूल दिवसांआधी जन्मण्याची भीतीही वाढते. म्हणून गर्भारपणात तक्रार नसली तरी लघवी तपासतात. याउलट म्हातारी माणसे, किंवा ज्यांना लघवीची नळी घातलेली आहे अशांच्या लघवीत जंतू दिसले आणि त्रास काही नसला, तर बहुधा औषध देत नाहीत. रिपोर्टात जंतू आला म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांच्या मागे लागू नये.

कायदाही आहे. २०१४ च्या १ मार्चपासून 'एच-वन' या यादीतली अनेक प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. दुकानदाराने वेगळी वही ठेवून तीत रोग्याचे आणि डॉक्टरचे नाव लिहायचे, आणि ती वही तीन वर्षे जपायची. २०१६ पासून पट्टीवरची उभी लाल रेघ ओळखा, असा प्रचारही सरकारने केला. चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही असे औषध अक्षर न वाचणाऱ्यालाही त्या रेघेवरून ओळखता येते. शाळेत मुलांना घरातली औषधाची डबी आणून त्यात लाल रेघेच्या पट्ट्या किती, आणि अर्ध्या वापरलेल्या किती, हे मोजायला सांगितले तर एक तास चांगला जाईल. मात्र गोळ्यांना हात मोठ्या माणसांनीच लावावा.

राहिली तपासणी. वारंवार होणारे दुखणे, ताप असलेले दुखणे, पुरुषाचे, मधुमेह्याचे, गर्भार बाईचे दुखणे, यांत औषध सुरू करण्याच्या आधी लघवीचे कल्चर करतात. प्रयोगशाळेत लघवीचा अंश पोषक थरावर पसरतात. दुसऱ्या दिवशी जंतूंची ठिपक्यांसारखी वाढ दिसते. ते ठिपके मोजून मिलिलिटरला किती जंतू होते ते काढतात. एक लाख ही खूण १९५६ च्या सुमारास बोस्टनच्या डॉ. एडवर्ड कास यांनी घालून दिली. मग जंतू नव्या थाळीवर पेरून त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवतात. ज्या टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटला, ते औषध चालते; जिच्या कडेपर्यंत जंतू वाढले, ते चालत नाही. हे सारे व्हायला दोन ते तीन दिवस जातात, कारण जंतू आपल्या घाईने वाढत नाहीत.

नमुना बिघडला तर थाळी खोटे बोलते. बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक मिळते, घरची धुतलेली चालत नाही. जागा साध्या पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली बाटलीत धरावी, झाकणाच्या आतून बोट लावू नये, आणि हे सर्व गोळीचा पहिला डोस घेण्याच्या आधी. नमुना दोन तासांत पोहोचला पाहिजे. बाहेर राहिला तर वाटेतच जंतू वाढतात आणि थोड्याचे पुष्कळ दिसतात. काटोल-उमरेडच्या पलीकडल्या गावावरून एस.टी.ने नागपूरला यायचे तर उन्हाळ्यात हे जमत नाही. त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून त्यांच्या फ्रीजमधून नमुना पाठवता येतो का ते पाहावे, किंवा बाटली नीट बंद करून पिशवीत घालावी आणि बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवून आणावी; थंड ठेवलेला नमुना २४ तासांपर्यंत चालतो. बाटलीवर नाव लिहावे, आणि नावाखाली लघवी किती वाजता धरली ती वेळ.